न छापलेला हुकूम

बस्त्यांव आल्मेडा सरांनी एकवीस वर्षांच्या नोकरीत एकाही उत्तरपत्रिकेवर 'कॉपी' हा शब्द लिहिला नाही. शेजारच्या दोन बाकांवरच्या पेपरांत एकच चूक, एकाच ओळीत, एकाच खाडाखोडीसकट सापडली तरी लिहिला नाही. ते दोघांना वेगवेगळं बोलवायचे, फळ्यावर तसलंच दुसरं गणित घालायचे आणि ज्याला जेवढं येईल तेवढे गुण द्यायचे. आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो. "सर, तुम्ही पोलिसात गेला नाहीत ते बरं झालं, सगळे चोर सुटले असते," असं एकदा आमचे हेडसर म्हणाले. सर हसले नाहीत. हातातल्या पेन्सिलीचं टोक बघत राहिले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. शाळा खाडीच्या काठाला, आरोंद्याच्या अलीकडे दोन थांबे. सर आरोंद्याचे. रोज सायकलवरून यायचे, पावसाळ्यात एसटीने. उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात तीन पेन्सिली. पेन त्यांच्याकडे मी फार कमी वेळा पाहिलं. शून्य काढलं की त्यातून एक तिरकी रेघ मारायचे, आणि हळूहळू त्यांची सगळी मुलं तशीच शून्यं काढायला लागली. बोर्डाच्या एका परीक्षकाने म्हणे त्याबद्दल तक्रारही केली होती. बाक मोजायला ते शून्यापासून सुरुवात करत. त्यामुळे आमच्या शाळेत पुढचा बाक 'शून्याचा बाक' झाला. त्यावर बसायला मिळालं की मुलांना मोठा मान वाटायचा.

एकटे होते. आई होती तोवर घरात दोघं, ती गेल्यावर सर आणि एक मांजर. आखातात काही वर्षं नोकरी केली, लग्न ठरलं होतं, मग अचानक परत आले आणि ते लग्न मोडलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. परत येऊन त्यांनी बी.एड. केलं. आखातात नेमकं काय करत होते, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मशिनांची राखण." आमच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी कारखान्याचा वॉचमन यायचा.

मला त्यातलं पहिलं काही कळलं ते भिंतीपलीकडून. भिंत म्हणजे लाकडी पार्टिशन. आमच्या शाळेत एक लांबलचक हॉल होता आणि दोन पार्टिशनं टाकून त्यात तीन वर्ग बसवलेले होते. एका बँकेने टाकून दिलेले चार कॉम्प्युटर शाळेला मिळाले आणि गणिताबरोबर तोही विषय सरांच्या गळ्यात पडला, त्या वर्षीची गोष्ट. मी नववीला समास शिकवत होते आणि पलीकडून सरांचा आवाज येत होता. वर्गात ते मालवणीच बोलायचे.

"ह्या हॉलात वर्ग किती?"

"तीन, सर."

"आणि हॉल किती?"

"एक."

"आता सांग, आठवीत बसान तुका नववीचो धडो आयकाक येता?"

"येता, सर! बाई समास शिकवतत!"

दोन्ही वर्ग एकदम हसले. मी खडू खाली ठेवला.

"मगे ह्यो हॉल नापास," सर म्हणाले. "मशीन असा होया, की आठवीक वाटाक होया आख्खी शाळाच आपली. पलीकडे कोण आसा, आसा की नाय, ह्येचो पत्तोच लागाक नये. मशीन एकच. पण एक देखरेख करणारो प्रोग्राम असो, की दहा जणांक दहा वेगवेगळी मशिनां दिसतत. खोटी मशिनां. पण थयसर केलेला काम खरा."

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "सर, असं मशीन असतं खरंच?"

"असता म्हणजे? मी बघलंय, बाई," ते म्हणाले आणि डबा उघडला. मग सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर भातात कालवता कालवता, जणू घरातल्या जावांची भांडणं सांगावीत तसं सांगायला लागले. मोठाली मशिनं बनवणारी एक फार मोठी कंपनी होती. सर तिला 'थोरली' म्हणत. खोलीएवढी मशिनं. एका मशीनची अनेक करून दाखवायची युक्ती थोरलीनेच मोठी केली होती. तिच्यामागे चार-पाच 'धाकट्या' आल्या. त्यांनी अशी मशिनं बनवली की ज्यांच्यावर थोरलीचेच प्रोग्राम जसेच्या तसे चालतील, पण किंमत कमी. सर एका धाकटीच्या नोकरीत होते.

"मगे थोरली काय करी? आपल्या प्रोग्रामात एक नवो हुकूम घाली. मशिनीक दिल्लो हुकूम. तो फकत तिच्याच मशिनीक कळतलो. आमच्या मशिनीर तो प्रोग्राम घातलो, की मशीन थयच उभा. गिऱ्हाईक बोंब मारी. आमका तो हुकूम काय आसा ता सोधून काढूक लागी." 

"पुस्तकात नसायचा?"

"छापलेलो नाय, ह्येच तर," सर म्हणाले आणि डबा बंद केला. त्या दिवशी एवढंच.

पुढचं कळलं ते वैजूमुळे.

वैजयंती गवस नववीत होती. काजूवाल्यांची मुलगी, आतल्या गावाहून मामाकडे शिकायला आलेली. बोलायला घाबरट, गणितात तेज. सरांनी तिला तालुक्याच्या गणित स्पर्धेला पाठवलं. शेवटचं गणित पानभर लागेल असं होतं. वैजूने ते चार ओळींत सोडवलं. तपासणाऱ्यांनी ठरवलं, की एवढ्या लहान मुलीला हे सुचणं शक्य नाही, उत्तर आधीच कुणीतरी दिलेलं असणार. शाळेला पत्र आलं. मुलीने लेखी माफी दिली तर प्रकरण पुढे जाणार नाही.

मी कसलीशी सही घ्यायला ऑफिसात गेले तेव्हा वैजू टेबलापुढे उभी होती. समोर कोरा कागद आणि हातात हेडसरांचं पेन. 'मी स्पर्धेमध्ये' एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात आल्मेडा सर आत आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"चेडवा, पेन खाली ठेव."

"आल्मेडा सर, मी बोलतोय तिच्याशी," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "दोन ओळी लिहून दिल्या की विषय मिटला. तिचं काही नुकसान नाही. पुढच्या वर्षी शाळेला परत घेतील."

"तिणी चोरूक नाय."

"मीही म्हणत नाही चोरलं म्हणून. पण मिटवायचं कसं?"

"तोंडान तिका कायव बोला, सर. फटकी मारा. ता उद्या कोणाच्या लक्षात ऱ्हवचा नाय. पण हातान लिवन घेव नकात." सरांचा आवाज चढला होता. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "माणूस स्वताच्या हातान लिवता, मी चोर. मगे जलमभर कोणाक सांगतलो, मी न्हय म्हणान?"

त्यांनी पेनाखालचा कागद ओढून घेतला आणि फाडला. दोनदा नाही, चारदा. तुकडे खिशात घातले. वेळापत्रकाच्या फळ्यावरचा शनिवार पुसून तिथे एक नवं गणित लिहिलं आणि खडू वैजूच्या हातात दिला. ती रडत होती. रडत रडतच तिने पाच ओळींत ते सोडवलं. हेडसर घड्याळाकडे बघत होते.

शाळेने माफीनामा पाठवला नाही. तालुक्याने वैजूचं नाव यादीतून काढून टाकलं, पुढच्या दोन वर्षी शाळेला बोलावणं आलं नाही आणि सरांना मेमो मिळाला. यातलं काही बदलावं म्हणून कुणी काही केलं नाही, मीही नाही.

कागद फाडला त्याच दुपारी, शाळा सुटल्यावर, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच असताना सरांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खाडीकडच्या खिडकीकडे बघत होते.

आखातातल्या एका तेल कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये थोरलीचं एक आणि धाकटीचं एक अशी दोन मशिनं शेजारी शेजारी होती. थोरलीने देखरेखीच्या प्रोग्राममध्ये एक नवा हुकूम घातला आणि धाकटीचं मशीन अडलं. साहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, हा हुकूम सापडला नाही तर आपण गाशा गुंडाळायचा. साहेब गोव्याचे होते, आग्नेल मिनेझिस. सरांना त्यांनीच तिकडे नेलेलं, सरांच्या आईला ते खुशाली लिहायचे. सरांनी एक मार्ग काढला. तिकडे सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी दुपारी तेल कंपनीचा ऑपरेटर त्यांना दोन तास थोरलीच्या मशीनवर बसू द्यायचा. सर त्या हुकुमाला एकेक आकडा द्यायचे आणि मशीन काय करतं ते लिहून ठेवायचे. आकडा बदलायचा, पुन्हा बघायचं. ख्रिस्ती लोकांची चर्चमधली मिसाही तिकडे शुक्रवारीच व्हायची. सरांच्या चौदा महिन्यांच्या मिसा चुकल्या. सात वह्या भरल्या.

आणि हुकूम सापडला. धाकटीच्या मशीनवर प्रोग्राम असा चालायला लागला, की तेल कंपनीच्या चार खात्यांना एका मशीनची चार मशिनं दिसायला लागली आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. "त्या दिसा मी हॉलात एकटोच उभो होतंय," सर म्हणाले. "चार टर्मिनलार चार माणसां. परत्येकाक वाटता, ह्यां सगळा माझाच. माका हसाक येय होता."

चारच महिन्यांनी थोरलीच्या वकिलांचं पत्र आलं. त्यांचा आतला गुप्त कागद कुणीतरी फोडला असा त्यांना संशय होता. पुरावा एवढाच, की धाकटीचं काम फार बरोबर होतं. बाहेरच्या माणसाला ठाऊक असणं शक्य नाही अशा बारकाव्यांपर्यंत बरोबर. सरांच्या खोलीची झडती झाली, वह्या गेल्या. मिनेझिस साहेबांनी एक टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. मी तो गुप्त कागद मिळवला, कंपनीला याची कल्पना नव्हती, अशा अर्थाचा.

"मी म्हटलंय, साहेब, तुमका म्हायत आसा, ह्यां माझा काम. ते बोलले, सही कर, आजच्या विमानान घरी जा. नाय तर पोलीस. तुजो पासपोर्ट आमच्याकडे आसा. तुज्या हाताखालच्या दोगांचेव आसत." सर थांबले. "ते दोघे पोरगेच होते, बाई. केरळचे. एकाचा लग्न पंधरा दिसांर होता."

त्यांनी सही केली. तिघांचे पासपोर्ट मिळाले. ते दोघं तिथेच राहिले, सर घरी आले. धाकटी त्यानंतर तीन वर्षं जगली. मग तिला दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने, आणि तिसरीने तो धंदाच बंद केला. या धंद्यात बातमी एका दमात पसरते. मुंबईत सर जिथे जिथे मुलाखतीला गेले तिथे त्यांच्याआधी त्यांचं नाव पोचलेलं असायचं. ठरलेल्या मुलीच्या वडिलांपर्यंतही पोचलं.

"तुम्ही लिहा त्यांना," मी म्हणाले. "सगळ्यांना लिहा. एक ओळ तरी कुणी देईल, की हे काम तुमचं होतं."

ही माझी कल्पना. सर तोवर काही मागत नव्हते. कुणाच्या हातून लेखी माफी जाऊ द्यायची नाही एवढंच त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं आणि त्यावर त्यांचे दिवस चालले होते. मी त्यांना आशा लावली. आज वाटतं, त्या दुपारी माझी जीभ जड झाली असती तर बरं झालं असतं.

सरांनी पत्रं लिहिली. मी वाचून त्यातली लांबण कापायची. त्यांना प्रत्येक पत्रात तो हुकूम पहिल्यापासून समजावून सांगायचा असायचा. तिसरीच्या वारसांकडून उत्तर आलं, की त्या काळातली कागदपत्रं शिल्लक नाहीत. थोरलीकडून एक नम्र पत्र आलं, आपल्या नावाची कुठलीही नोंद आमच्याकडे आढळत नाही. केरळच्या दोघांपैकी एक वारला होता. दुसऱ्याने नाताळचं कार्ड पाठवलं आणि आत लिहिलं, देव सगळं जाणतो. सरांनी ते कार्ड मला दाखवलं. "देवाक म्हायत आसा ता माका म्हायत आसा," ते म्हणाले. "देवान सही केली तर बरा होतला."

मग ते निवृत्त झाले. काही वर्षांनी मीही झाले. रविवारी चहाला ते आमच्याकडे यायचे, दोन-अडीच तास बसायचे. बोलणं पावसाचं, मांजराचं, पुलावरच्या खड्ड्यांचं.

वैजू तोवर पुण्यात मोठ्या नोकरीला लागली होती. एका मे महिन्यात गावी आली तेव्हा सरांसाठी जुना लॅपटॉप घेऊन आली. आमच्याच ओटीवर बसून तिने तो सुरू केला. "सर, हौशी लोकांनी हा प्रोग्राम केलाय," ती म्हणाली. "ह्याच्यात तुमचं ते खोलीएवढं मशीन चालतं. हे बघा."

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. सर पुढे वाकले. मग त्यांनी दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं, मशीनने उत्तर दिलं, आणि सर लहान मुलासारखे हसले. "बोलता गो ह्यां!"

"आता सगळं असंच चालतं, सर. माझ्या कंपनीत अशी हजारो खोटी मशिनं आहेत. तुमच्या फोनवर बँकेचं जे दिसतं, तेही कुठल्यातरी खोट्या मशीनवरच चालत असतं."

"आणि धाकट्यो?"

"कोण धाकट्या?"

वैजूला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

मग ती म्हणाली, त्या काळची थोरलीची मॅन्युअलं आता कुणीही बघू शकतं, सगळी पानं नेटवर आहेत. तिने एक उघडून दिलं. सर पानं सरकवत राहिले. चहा निवला. अचानक त्यांचा हात थांबला. त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. मी वाकून पाहिलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या.

"ह्योच," सर म्हणाले.

त्यांनी त्या दोन ओळी सावकाश वाचल्या. पुन्हा वाचल्या. कितीतरी वर्षं मुलांच्या वह्या तपासताना जसं म्हणायचे तसं म्हणाले, "बरोबर आसा." मग चष्मा काढून पुसत बसले. हुकूम थोरलीनेच पुढे कधीतरी छापून टाकला होता. आता तो कुणाचंच गुपित नव्हता, आणि तो शोधून काढला असं सांगण्यात काही अर्थही उरला नव्हता. ज्याला हवा त्याने पान उघडावं.

तिथे थांबायला हवं होतं. पण वैजूला सरांसाठी काहीतरी करायचं होतं. फळ्यासमोरची ती दुपार ती विसरली नव्हती. पुण्याला गेल्यावर तिने शोध घेतला आणि महिन्याभरात मला फोन केला. "बाई, ते मिनेझिस साहेब जिवंत आहेत. परदेशातून परत आलेत. पेडण्याच्या बाजूला, खाडीपलीकडे."

आरोंद्याहून पाऊण तासाचा रस्ता. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊया." मग म्हणाले, "तुमी येतास मा?"

आम्ही रिक्षा ठरवून गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सकाळीच दाढी करताना कापून घेतलं होतं, त्यावर कापूस चिकटला होता. पूल ओलांडताना त्यांनी तो काढून टाकला. वाटेत एकदाच बोलले, "तेंका सगळा म्हायत आसा, बाई. तेंनी माका शुक्रवारी जाताना बघलेला आसा. तेवढाच एक माणूस."

मिनेझिस साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीच्या आसपासचे, पण डोळे तल्लख. सरांना बघताक्षणी त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "बस्त्यांव! आरे देवा, बस्त्यांव!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. सुनेला हाक मारून चहा सांगितला, सरांच्या आईची चौकशी केली, ती गेली म्हटल्यावर कपाळाला हात लावून क्रूस काढला.

सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. "साहेब, तो कागद..."

"खंयचो कागद?"

"माजी सही घेतलेलो."

"तो?" साहेबांनी हात हलवला. "वकिलांनी भायल्याभायर मिटयलें, रे. तो कागद कोणेंच मागलो ना. खंयच्या तरी खणांत पडून उरलो आसतलो."

सुनेने चहा आणून ठेवला.

"ता काम माझा होता, साहेब. ह्या बाई आसत, तेंच्यासमोर सांगा. माका दुसरा काय नको."

साहेब त्यांच्याकडे मायेने बघत होते. आजारी मुलाकडे बघतात तसं. "बस्त्यांव, आतां आमी दोगय म्हातारे. म्हजेकडेन कित्याक लिपयता? थोरलीचो कागद तुका कोणें दिलो, तें हांवें तेन्ना विचारलें ना. आयजूय विचारिना."

"कोणीच देव्क नाय. मी सोधून काढलंय. दर शुक्रवारी."

"शुक्रवारी तूं वचतालो, तें हांवें पळयलां. पूण चवदा म्हयने, एकटो? थंय अमेरिकेंत पन्नास इंजिनियर बसून जें करताले, तें?" त्यांनी मान हलवली. त्यात कडवटपणा नव्हता. "तुका पोलिसांच्या हातांत दिवचो न्हय म्हणून हांवें सय घेतली. हांवें तुका वांचयलो, पुता. जलमभर म्हाका तेंच समाधान आसा."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता. सरांना इतकी वर्षं वाटत होतं, साहेबांनी खरं माहीत असून खोटं लिहून घेतलं; साहेबांनी तर ती चोरीच धरली होती. चाळीस वर्षं त्यांचा सगळा भरवसा त्यावर होता, की जगात निदान एका माणसाला खरं ठाऊक आहे.

"तुका कागद जाय?" साहेब म्हणाले. "हाड. तुका जाय तें बरय, हांव सय करतां. आतां कोणाचें कितें वता?" सरांनी हवं ते लिहावं, ते सही करायला तयार होते. त्यांनी सुनेला पेन आणायला सांगितलं.

मला वाटलं, घ्या. सर, घ्या तो कागद. मी पर्समधून वही काढायलाही लागले होते. सर उठून उभे राहिले.

"नको, साहेब. तुमका पटाक नाय, तर सही करू नकात. असली एक सही माझी आसा. ती पुरे."

त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला, दाबला, आणि पायऱ्या उतरले. चहा तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर ते बाहेर बघत होते. पूल आला. खाडीला भरती होती, एक होडी सुक्यावरून पाण्यात लोटत होते. सर माझ्याकडे वळले.

"बाई, तुमका काय वाटता?"

मला काय वाटत होतं? माझ्या डोक्यात पन्नास इंजिनियर होते. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. मला तो माणूस कळत होता, फाडलेला कागद कळत होता, शून्याचा बाक कळत होता. पण त्या क्षणी मनात आलं, की एवढा हुशार साहेब, एवढा प्रेमळ, तो कशाला चुकेल? आलं आणि गेलंही.

"माझा पूर्ण विश्वास आहे, सर," मी म्हणाले.

पण त्यांचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये विजेचे दोन खांब मागे गेले होते. सरांना मोजायची सवय होती.

"हां," ते म्हणाले आणि परत बाहेर बघायला लागले.

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, कोकम सरबत केलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. बोलण्यात एक अक्षर कमीजास्त नव्हतं. मी निघताना सर दारापर्यंत आले. मी म्हणाले, "सर, त्या दिवशी रिक्षात..." ते म्हणाले, "रिक्षावाल्यान पैशे जास्त घेतल्यान मा? तसलेच ते." आणि मांजराला हाक मारत आत गेले.

लॅपटॉप त्यांनी वैजूला कुरियरने परत पाठवला. आत चिठ्ठी नव्हती. तिने मला फोन करून विचारलं, "बाई, सरांना काही बोलला का कोणी?" मी म्हणाले, नाही.

सर या पावसाळ्याच्या शेवटी गेले. हृदय थांबलं, झोपेत. मिसेला फादर म्हणाले, की बस्त्यांव काही वर्षं आखातात नोकरीला होते आणि नंतर त्यांनी आपल्या मुलांना गणित शिकवलं. त्यात खोटं काही नव्हतं. वैजूला रजा मिळाली नाही.

त्याआधी नऊ दिवस मी त्यांना सावंतवाडीच्या स्टँडवर पाहिलं होतं. दुपारची वेळ. मी आरोंद्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. सर फलाटावरच्या बाकावर, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांचीही तीच गाडी. त्यांनी मला पाहिलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी तिच्यावरची माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली. सर उठले, दारापर्यंत आले. पायरीवर एक पाय ठेवला. आत पाहिलं, ती रिकामी जागा पाहिली. मग पाय खाली घेतला, मागच्या बाईला वाट दिली आणि काहीतरी राहून गेल्यासारखं पिशवीत शोधायला लागले. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. सरांनी मान वर केली आणि हात उंचावला, शाळेत जाता येता कुणाही सहकाऱ्याला करायचे तसा. पुढची गाडी सव्वा तासाने होती.